पाय थांबेनात

९ सप्टेंबर

ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. काही झालेलं नाही. बाबा ठीक, मी ठीक, मोरीतला नळ गळतोय, तोही ठीक.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू माझं बोलणं ऐकत नाहीस गं, माझा आवाज तपासतेस. मी भराभर बोलले की गप्प होतेस. हळू बोलले की विचारतेस, 'झोप झाली ना नीट?' आणि मीच गप्प बसले की लगेच 'बाबांना दे जरा'. कागदावर तुला ते जमणार नाही. अक्षर तपास हवं तर. ते शाळेपासून असंच आहे.

तर बातमी अशी, की इंजेक्शनसाठी आता हॉस्पिटलात रांग लावावी लागत नाही. महिन्यातून एकदा सिस्टर घरी येतात. काल पहिल्यांदा आल्या. वयाने तुझ्याएवढ्या असतील, उंचीने तुझ्या दीडपट. दार उघडल्यावर पहिलं वाक्य, "हात कुठे धुऊ?" दुसरं वाक्य बाबांना, "काका, तुम्ही जरा बाल्कनीत हवा खा." बाबांची आधीच त्रेधा उडालेली. पाहुणे यायचे असल्यासारखी त्यांनी चादर बदलली होती, ट्रेमध्ये कप मांडून ठेवले होते. हुकूम ऐकल्याबरोबर बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतलं. इंजेक्शन झालं, सिस्टर चहा घेऊन गेल्या, मी कपही विसळले, आणि मग लक्षात आलं की बाबा अजून बाहेरच उभे आहेत, पहारेकऱ्यासारखे, घराकडे पाठ करून.

औषध बदललंय. जुनं सध्या कुठे मिळत नाही म्हणून डॉक्टरांनी हे नवं दिलं. तेलासारखं घट्ट असतं, हळूहळू ढकलावं लागतं. कमरेत देतात. सिस्टर म्हणाल्या, "पाय सैल सोड. तू जेवढं आवळून धरशील तेवढं माझं औषध भांडेल तुझ्याशी." नंतर चोळायचं नसतं म्हणे. आज दुकानात एकाच बाजूवर कलून बसले दिवसभर. मालक म्हणाले, बोटीत बसल्यासारखी काय बसलीस?

काम बरं चाललंय. मागच्या खोलीत आता मी एकटीच असते, मी आणि काचा घासायचं मशीन. आज एक बारीक तारेच्या फ्रेमचा चष्मा होता. असल्या काचेची कड जरा जास्त घासली गेली तर खुळखुळते, कमी घासली तर स्क्रू पिळताना तडकते. बसली एकदाची. मालकांनी उजेडात धरून बघितली आणि काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत म्हणजे शाबासकी समजायची.

भाऊजींना नमस्कार. छोटीला खूप खूप पापे.

तुझी धाकटी

ता. क. इंजेक्शन घेतलं. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. तुला पत्रातलं तेवढंच हवं असणार.


२१ सप्टेंबर

ताई,

हे पत्र मी उभ्याने लिहितेय, फ्रीजवर कागद ठेवून. मध्येमध्ये ओळ वाकडी जाईल, कारण मध्येमध्ये मी स्वयंपाकघर ते बाहेरचं दार अशी फेरी मारून येते. हसू नकोस. की हसच, ते बरं.

मागच्या पत्रात ठीक आहे लिहिलं, तेव्हा ठीकच होतं. मग आठवडा उलटतो न उलटतो तोच पायांनी सुरुवात केली. कसं सांगू? दुखत नाहीत. मुंग्या नाहीत. बसले की गुडघ्याखालून कुणीतरी म्हणतं, ऊठ. उठले की म्हणतं, चल. चालले की दोन मिनिटं बरं, मग पुन्हा कुठे थांबलीस, चल. खुर्चीत बसले तर टाच आपटत राहते. आडवी झाले तर चादर पायाने गुंडाळून टाकते. तू लहानपणी मला वेणी घालताना म्हणायचीस ना, बूड टेकव गं जरा, तेच आता मी स्वतःला दिवसभर म्हणते आणि माझं कुणी ऐकत नाही.

आले. दारापर्यंत जाऊन आले.

दुकानात मशीनसमोर स्टुलावर बसायचं असतं. हात स्थिर, कोपर टेकलेलं. पाय हलला की स्टूल हलतं, स्टूल हललं की काच. परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या जाड काचेचा कडेला टवका उडाला. काल दुसऱ्या काचेचा. मालकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष तिथेच होतं ताई. सगळं लक्ष तिथेच होतं, पाय तेवढे नव्हते. मी म्हणाले कंबर धरलीय. खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला पुढे काउंटरवर बसवलं असतं, नाहीतर घरी.

पहाटे उठून चालायला जाते. बाबांना आधी सांगितलं नव्हतं. त्यांनी दार उघडल्याचा आवाज ऐकला, मी परत येईपर्यंत बूट घालून तयार बसले होते, शोधायला निघाल्यासारखे. त्या दिवसापासून मी फेऱ्या मारते आणि ते पेपरच्या वरून बघतात. मग बाल्कनीत जाऊन तुला फोन लावतात. दार ओढून घेतात, पण आवाज येतो ना! "पुन्हा तसंच चाललंय गं," म्हणाले.

आणि तू मला फोन करून काय विचारलंस? "सुरू झालं का परत?"

तसंच नाहीये हे! ते कसं होतं मला माहितीय, तुम्हा दोघांपेक्षा जास्त. तेव्हा मला खात्री होती. शेजारचे भिंतीला कान लावून ऐकतात याची खात्री, पाण्यात काहीतरी घातलंय याची खात्री. बाबा माझ्यासमोर ग्लासातलं अर्धं पाणी स्वतः प्यायचे आणि मग मी उरलेलं प्यायची. आता मला कसलीच खात्री नाही. भिंत म्हणजे भिंत आहे, पाणी म्हणजे पाणी. फक्त पाय थांबत नाहीत. हा फरक तुला फोनवर सांगायला लागले तर तू म्हणालीस, "बरं बरं, शांत हो आधी."

सिस्टरांनाही फोन केला. त्या कुठेतरी रस्त्यावर होत्या, मागे गाड्यांचा गोंगाट. म्हणाल्या, "चालावंसं वाटतंय ना? चाल की मग, वजन उतरेल," आणि हसल्या. मीही हसले. काय करणार?

मला वाटतं हे त्या नव्या औषधाने होतंय. असं मी म्हटलं की तुम्हा सगळ्यांना काय वाटतं तेही मला माहितीय. औषध नको म्हणणं हेच पहिलं लक्षण, हो ना?

धाकटी


६ ऑक्टोबर

ताई,

बाबांनी तुला सांगितलंच असेल. आज सिस्टर यायच्या होत्या आणि मी घरी नव्हते.

पळून गेले असं म्हणू नकोस. चालत गेले. किल्ली, फोन, स्वेटर, सगळं घेऊन, शुद्धीत. जिना उतरताना सिस्टरांची स्कूटर कोपऱ्यावर वळताना दिसली आणि मी उलट्या दिशेला लागले.

कुठे गेले विचारशील. पेट्रोलपंपापर्यंत, तिथून छापखान्याच्या गल्लीत. तिथे दारात कागदांच्या गठ्ठ्यांवर एक कामगार आडवा होऊन डबा खात होता. आडवा होऊन! मला त्याचा इतका हेवा वाटला. मग बसच्या आगारापर्यंत. तिथल्या बाकावर बसले, उठले, बसले, उठले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बस येतेय, घाई करू नका." मी म्हणाले, हो हो. बस आली, गेली, आणि मी तिथेच. त्या खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या.

मला आणखी एक महिना असं काढता येणार नाही ताई. गोळी असती तर एक दिवस नाही घेतली, बघितलं. हे एकदा आत गेलं की महिनाभर आतच. कुणाला परत काढून घेता येत नाही. तू कधी विचार केलायस का, सुई आत जाताना हे ठाऊक असणं म्हणजे काय असतं?

घरी आले तर बाबा टेबलाशी. ट्रेमध्ये सिस्टरांसाठी केलेला चहा, वर साय धरलेली. सिस्टर बराच वेळ थांबून गेल्या म्हणे. मला वाटलं ओरडतील. आयुष्यात एकदा तरी ओरडावं माणसाने. ते म्हणाले, "ताई येतेय." बस्स, दोन शब्द, आणि उठून कप धुवायला गेले.

म्हणजे तू निघतेयस. कशासाठी ते मला कळतं. मागच्या वेळी 'दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ, तुझी दाढ दुखतेय ना' म्हणून गाडीत बसवलंस. माझी दाढ खरंच दुखत होती. त्या वॉर्डात महिनाभर ती दुखतच राहिली, कुणी बघितली नाही.

या वेळी खोटं बोलू नकोस एवढंच. न्यायचं असेल तर न्यायला आलेय म्हण.

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आत तू इथे पोचलेली असशील. तरी टाकते. पेटीपर्यंत चालत जाता येईल.


८ ऑक्टोबर

ताई,

तू अजून गाडीत आहेस आणि मी पुन्हा लिहितेय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काल सकाळी निघाले तर बाबा बूट घालून दारात. "मीही येतो." त्यांचा गुडघा तुला माहीत आहे. मी म्हणाले नको, मी भराभर चालते. ते म्हणाले, "मग तू पुढे जा, वळून माझ्यापर्यंत ये, पुन्हा पुढे जा. तुझं जास्त चालणं होईल." आणि आम्ही तसंच केलं! मी दिव्याच्या तिसऱ्या खांबापर्यंत जायचे, वळून त्यांच्यापर्यंत यायचे. दूधवाला गाडी थांबवून बघत होता.

नदीच्या पुलावर बाबा कठड्याला टेकले आणि म्हणाले, "आता सांग. नेमकं काय होतं?"

ताई, इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी म्हणाले, पाय थांबत नाहीत.

"हे झालं वरवरचं. केव्हा सुरू होतं? बसताना, की बसल्यावर?"

"बसल्यावर. लगेच नाही. श्वास घेऊन सोडला की."

"दोन्ही पाय?"

"दोन्ही. डावा जरा जास्त."

"मनात काही येतं आधी? भीती, कुणाचं बोलणं, काही?"

"नाही. आधी पाय. मन मागून येतं, हे काय चाललंय म्हणून."

"झोपेत?"

"झोप लागली की काही नाही. लागायलाच वेळ."

असं किती तरी वेळ. मी त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालतेय आणि ते एकेक प्रश्न विचारतायत. मला मध्येच हसू फुटलं. बाबा, तुम्ही लिफ्ट दुरुस्त करताय की काय? तर तेही हसले. म्हणाले, "लिफ्ट अडकली की खाली दहा जण जमतात. प्रत्येकाला माहीत असतं काय झालंय. सोसायटीचा सेक्रेटरी सांगतो, वॉचमन सांगतो. मी कुणाचं ऐकायचो नाही. आत जो अडकलाय त्याला दाराला तोंड लावून विचारायचो, काय झालं, आवाज कसा आला, झटका लागला का. कारण आत तो असतो." मग म्हणाले, "आणि घरी महिनाभर मी खाली उभा राहून वर बघत बसलो."

मी पुलाच्या टोकापर्यंत जाऊन आले.

दुपारी सिस्टर परत आल्या, त्यांची पाळी नसताना. मी दारातच सांगितलं, मी इंजेक्शन घेणार नाही. मला वाटलं आता समजूत घालणार. त्या म्हणाल्या, "तू नाही म्हटल्यावर मी पेटी उघडणार नाही. पण आत येऊ दे, जिने चढून आलेय." मग टेबलाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "तूही बस. जमेल तेवढंच." मी बसले, आणि त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. टाच आपटत होती, मी मांडीवर हात दाबून धरला तर दुसरी सुरू. बाबा पुलावरचं सगळं सांगत होते, केव्हा सुरू होतं, कुठला पाय जास्त.

सिस्टर म्हणाल्या, "त्या दिवशी फोनवर मी हसले. रस्त्यात होते, पुढच्या घरी उशीर झाला होता. तुझं पुरतं ऐकायला हवं होतं." आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पुढचं इंजेक्शन थांबवा, तेराला घेऊन या, मी बघतो.

तर तेराला आपण सगळेच जाऊ. तू असशीलच. तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. माझ्या मनात काय आहे ते तुला ठाऊक असावं म्हणून हे लिहिलं. पोस्टात न टाकता तुझ्या उशाशी ठेवणार होते, पण हिंमत होईल असं वाटत नाही. टाकेन पेटीतच.


१६ ऑक्टोबर

ताई,

तू न जेवता निघून गेलीस. बाबांनी तुझ्यासाठी बांधून ठेवलेला डबा तसाच राहिला, तो मी दुकानात नेला.

तुला जे दिसलं ते तू भाऊजींना सांगितलं असशील. मला काय दिसलं ते सांगते.

तू आलीस तेव्हा दारात मला मिठी मारलीस, आणि मारतामारताच माझ्या खांद्यावरून घरात नजर फिरवलीस. भांडी घासलेली आहेत का, खिडक्या उघड्या आहेत का. मला कळलं. तुझी पिशवी खाटेखाली सरकवताना त्यातल्या नव्या सपाता दिसल्या. बिननाडीच्या. नवा टॉवेल. वॉर्डात नाडीचे बूट चालत नाहीत, हे आपल्या दोघींनाच माहीत आहे. आपण तिघं जेवलो, आणि मी उभ्याने जेवले, आणि तू प्रत्येक घासाला माझ्या पायांकडे बघितलंस.

डॉक्टरांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. तू, बाबा आणि डॉक्टर. मी भिंतीशी. डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?" तू म्हणालीस, "पहाटे उठून बाहेर पडते." त्यांनी विचारलं, "चिडचिड?" तू म्हणालीस, "खूप. फोनवर सुद्धा जाणवते." "काम?" "काचा फोडतेय." ताई, याआधी वर्षभरात तू इथे एकदाही आली नव्हतीस. पण सगळी उत्तरं तुझ्याकडे होती, आणि मी भिंतीशी उभी राहून त्या दुसऱ्याच कुणा बाईबद्दल ऐकत होते. ऐकता ऐकता मलाही वाटायला लागलं, हिला दाखल केलेलं बरं.

तेव्हा बाबा बोलले. तुझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघत. "तू थांब जरा. तिला बोलू दे."

तू म्हणालीस, "बाबा, तिला कळत असतं तर..."

"तिलाच कळतं," बाबा म्हणाले. "आपल्याला कळत नाही." आणि उठून त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली. त्यांचा गुडघा कटकन वाजला, डॉक्टरांनाही ऐकू गेला.

मी बसले, उठले, पुन्हा बसले आणि सांगितलं. सगळं नीट नाही सांगता आलं. पुलावर जसं सांगितलं तसं नाही. डॉक्टरांनी मला दोन मिनिटं बसायला लावलं आणि नुसतं बघितलं. मग उभं राहायला सांगितलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत होते. ते म्हणाले, "हे तुमच्या आजाराचं नाही, औषधाचं आहे. होतं काही जणांना. औषधाचं प्रमाण कमी करता येईल, पायांसाठी गोळी देता येईल. पण हे आधीच कळवायला हवं होतं तुम्ही."

आणि मी म्हणाले, "मी कळवलं होतं. ताईला."

मला ते म्हणायचं नव्हतं. म्हणजे, म्हणायचं होतं. पण तुझा चेहरा असा होईल असं वाटलं नव्हतं. तू पर्स उघडलीस, बंद केलीस, पुन्हा उघडलीस. रिक्षात तू मध्ये बसायच्या ऐवजी पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलीस.

सकाळी मी चालून आले तेव्हा तू गेलेली होतीस. सपाता आणि टॉवेल खाटेखालीच. विसरलीस की ठेवलंस?

मी रागावलेली नाही, असं लिहून मघाशी एक कागद फाडला. रागावलेय. पण तू परत जाताना खिडकीशी बसून रडत गेली असशील, हे मला इथून दिसतं, आणि ते मला आवडत नाही.

धाकटी


५ नोव्हेंबर

ताई,

फोन नाही, निरोप नाही. बाबा म्हणतात, तिला वेळ दे. मी म्हणते, दिलाय. मग ते पेपर उलगडतात.

पायांचं सांगते, विचारलं नाहीस तरी. एकदम गेलं नाही. आत गेलेलं औषध हळूहळूच उतरतं म्हणे. गोळीने धार कमी झाली. आधी 'चल' म्हणून ओरडायचे, आता कुरकुरतात. परवा पूर्ण चष्मा स्टुलावरून न उठता झाला. मालकांनी उजेडात धरला, आणि या वेळी चक्क बोलले, "कंबर सुधारली वाटतं." मग मी त्यांना खरं सांगितलं. इंजेक्शनचं, पायांचं, मागच्या आजाराचंही थोडं. ते बराच वेळ स्वतःचाच चष्मा पुसत बसले. म्हणाले, "दुसरं स्टूल करून घेऊ, खाली जड पाया असलेलं. हलणार नाही." बस्स. मी उगाच महिनाभर कंबर धरून फिरत होते.

काल सिस्टर आल्या. कमी प्रमाणाचं इंजेक्शन घेऊन. पेटी टेबलावर ठेवली आणि न उघडता विचारलं, "घ्यायचं का?"

मला वाटलं होतं मी लगेच हो म्हणेन, नाहीतर लगेच नाही. मी खिडकीपर्यंत जाऊन आले. दोनदा. त्या घड्याळाकडे बघत नव्हत्या. मला पाय आठवले, आणि आणखी एक आठवलं: बाबा ग्लासातलं अर्धं पाणी पितायत आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघतेय, खरंच गिळलं का म्हणून. बाबांच्या गळ्याकडे, ताई! मला तिथे परत जायचं नाही.

म्हणून घेतलं. तुझ्यासाठी नाही, बाबांसाठीही नाही. सुई लागली तेव्हा मी कुठेच आवळून धरलं नव्हतं, तरी दुखलंच. ते दुखणारच म्हणे.

रात्री पाय पुन्हा थोडे बोलायला लागले आणि मी दिवा लावून बसले. सकाळपर्यंत गप्प झाले. या वेळी मी सिस्टरांना दोन दिवसांनी नाही, लगेच सकाळीच फोन केला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, मग ऐकलं.

तू बरी आहेस ना?


२९ नोव्हेंबर

ताई,

आज तुझा फोन आला तेव्हा तुझ्या बोलण्याला मी एक-एक शब्दाने उत्तरं दिली. हो. नाही. बरं. त्यामुळे आता बसून लिहितेय.

तू म्हणालीस, "मला चार दिवस तिकडे यायचंय."

मी विचारलं, "कशासाठी?" ते तुला कसं ऐकू गेलं असेल ते मला नंतर कळलं. तू म्हणालीस, "कशासाठी नाही. झोपायला." आणि मग सगळं एकदमच सांगितलंस, की तुझी झोप गेलीय, भाऊजी झोपले की तू उठून घरभर दिवे लावतेस आणि बंद करतेस, छोटीचा श्वास ऐकत बसतेस. हे दोन वर्षांपासून आहे. मला वॉर्डात सोडून आलीस त्या दिवसापासून. डॉक्टरांकडे गेलीस, आणि त्यांनी विचारलं काय होतंय, तर तुझ्या तोंडून शब्द निघेना. तू, जिच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात.

मी म्हणाले, "ये." एवढंच. मला आणखी बोलता आलं असतं तर मी हे म्हणाले असते: की तू आलीस की मी तुला काही विचारणार नाही. झोप, हवी तेवढी. आणि झोप नाहीच आली तर उठून बस, मग मी विचारेन, केव्हा होतं, आधी काय होतं, नेमकं कसं होतं. मला घाई नसेल. जुन्या खाटेची एक बाजू खचलीय, तिथे मी झोपेन, तुला भिंतीकडची.

आणि एक सांगायचं राहिलं. फोन ठेवल्यावर मी टेबलाशी बसून रडले. चांगली हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत. बाबा समोरच होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता उठतील, बाल्कनीत जातील, कुणाला तरी फोन लावतील.

त्यांनी रुमाल माझ्याकडे सरकवला, पान उलटलं आणि वाचत राहिले.

तुझी
धाकटी